हिरो भिंतीतून आरपार जातो, दुरुस्त केलं तरी पुन्हा जातो: नेमकं काय तपासायचं

आमच्या गेममधल्या सुपरहिरोला उडता येत नाही, शिंकता येतं. शिंक आली की तो मागच्या मागे भिरकावला जातो आणि शहर वाचवायचं ते एवढ्याच बळावर. सुपरहिरोंचं विडंबन करणारा हा छोटा टू-डी गेम आम्ही तिघांनी गोडॉट या गेम बनवायच्या इंजिनवर केला. त्यात एक बग चार वेळा दुरुस्त झाला आणि चार वेळा परत आला. जोरात शिंक दिली की हिरो भिंतीत शिरायचा, पलीकडून बाहेर पडायचा आणि लेव्हलच्या बाहेरच्या रिकाम्या निळ्या पोकळीत पडत राहायचा. कॅमेरा इमानदारीने त्याच्या मागे. गेम बंद पडत नाही, एरर येत नाही, खेळणाऱ्याला शेवटी स्वतःच बाहेर पडावं लागतं.

वेगवान हिरो असलेला गेम तुम्ही करत असाल तर हे तुमच्याही वाट्याला येईल. म्हणून आम्ही काय समजलो, कुठे फसलो आणि शेवटी काय टिकलं, ते सगळं लिहून ठेवतोय.

आधी हे ओळखा की तो बग आहे

गंभीर गेममध्ये हिरो भिंतीतून गेला तर लोक लगेच तक्रार करतात. विडंबनात तसं होत नाही. एका खेळणाऱ्याने आम्हाला रेकॉर्डिंग पाठवलं होतं. हिरो पोकळीत पडतोय, टोपी उलटी झालीय आणि तो माणूस मनापासून हसतोय. त्याला वाटलं हा आमचाच विनोद. त्याने पुढे काय होतं ते बघायला चार मिनिटं वाट पाहिली. ती चार मिनिटं बघताना मला फार वाईट वाटलं. त्याने आमच्यावर विश्वास टाकला होता आणि पुढे काहीच नव्हतं.

ही गोष्ट जुनी आहे. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलच्या शेवटी विटांमधून अंग सरकवून पलीकडे गेलं की उणे एक क्रमांकाचं, कधीच न संपणारं पाण्याखालचं जग लागतं. मुलं ते गुपित म्हणून एकमेकांना सांगायची. प्रत्यक्षात भिंत ओलांडल्यामुळे पुढची माहिती तयार व्हायच्या आत, पाईप कुठल्या जगात नेतो तो आकडा वाचला जायचा, इतकंच.

म्हणून आम्ही एक नियम केला आणि तो टेस्टिंग करणाऱ्या सगळ्यांना सांगितला. आमच्या गेममध्ये अशक्य वाटणारी गोष्ट मुद्दाम घडते तेव्हा तिला आवाज असतो आणि पडद्यावरचं कोणीतरी तिच्याकडे बघतं. हिरोने भिंत खरंच फोडली तर हिरोच्या आकाराचं भोक राहतं, प्लास्टर पडतं, आतल्या आजीबाई ओरडतात. भिंत ओलांडली आणि काहीच वाजलं नाही, तर तो बग, लगेच कळवा. हा नियम सांगितल्यानंतरच्या आठवड्यात जितक्या तक्रारी आल्या, तितक्या आधीच्या तीन महिन्यांत आल्या नव्हत्या.

भिंत ओलांडली कशी जाते

हा भाग नीट समजून घ्या, बाकीचं सगळं यावर उभं आहे.

आमच्या हिरोचा नेहमीचा वेग सेकंदाला १२०० पिक्सेल. प्रत्येक शिंक त्यात १००० ची भर घालते. त्याच्या कोलिजनचा, म्हणजे टक्कर ओळखायचा, चौकोन ३२ पिक्सेल रुंद आणि सुरुवातीला भिंती १६ पिक्सेल जाड होत्या. गोडॉटमध्ये फिजिक्सचं घड्याळ, तुम्ही बदललं नाही तर, सेकंदाला ६० टिक, म्हणजे हिशोबाचे ठोके, देतं. म्हणजे नेहमीच्या वेगात हिरो एका टिकमध्ये २० पिक्सेल पुढे जातो. पडद्यावर तो सलग सरकताना दिसतो, पण इंजिनच्या लेखी तो २०-२० पिक्सेलच्या उड्या मारतो. उडी जिथे संपते तिथे तो कशाला शिवतोय का, एवढंच साधं कोलिजन बघतं. मधल्या वाटेत काय होतं हे कोणी बघत नाही.

बहुतेक जण इथून असा निष्कर्ष काढतात की हिरो आणि भिंत मिळून जेवढी रुंदी, म्हणजे आमच्या बाबतीत ४८ पिक्सेल, तेवढी उडी एका टिकमध्ये मारली तरच तो आरपार जाईल. आम्हीही तसंच मानलं होतं. ते चूक आहे. त्याच्या निम्मी उडी पुरते.

आमच्या नोंदीतलंच उदाहरण देतो. भिंत ८०० ते ८१६ पिक्सेलवर उभी आहे. एक शिंक दिलेली, वेग २२००, म्हणजे टिकला जवळजवळ ३७ पिक्सेल. हिरोचा मध्य ७८० वर. त्याची उजवी कड ७९६ वर, भिंत अजून चार पिक्सेल लांब, इंजिनला काहीच चुकीचं दिसत नाही. पुढच्या टिकला मध्य ८१७ वर. आता हिरो भिंतीत रुतलाय आणि इंजिनला त्याला बाहेर काढायचंय. डावीकडे काढायचं तर ३३ पिक्सेल ढकलावं लागेल, उजवीकडे फक्त १५. इंजिन जवळची वाट धरतं आणि हिरोला पलीकडे काढून ठेवतं. त्याला भिंतीपार ढकलणारं आमचं इंजिनच होतं, आणि त्याने त्याचं काम नियमाप्रमाणे चोख केलं होतं.

आता तोच हिरो ७६५ वरून निघाला असं धरा. पुढच्या टिकला तो ८०२ वर येतो. डावीकडे १८, उजवीकडे ३०. तो डावीकडे परत येतो आणि भिंत अगदी भक्कम वाटते. वेग तोच, भिंत तीच, फक्त सुरुवात १५ पिक्सेल मागे.

‘कधी होतं, कधी होत नाही’ याचं कारण हे आहे. एका शिंकेला आमचा हिरो साधारण तीनातून एकदा आरपार जायचा, लागोपाठ दोन शिंका दिल्या की निम्म्याहून जास्त वेळा. तुमचा धोक्याचा आकडा काढायचा असेल तर हिरोची निम्मी रुंदी आणि भिंतीची निम्मी जाडी यांची बेरीज करा आणि तिला सेकंदातल्या टिकांनी गुणा. आमच्यासाठी २४ गुणिले ६०, म्हणजे १४४०. हिरोचा वेग या आकड्यावर जाऊ शकत असेल तर बग तुमच्या गेममध्ये आहे, तुम्हाला दिसला असो वा नसो.

आमच्या चार दुरुस्त्या

पहिल्यांदा आम्ही भिंती १६ च्या ३२ पिक्सेल केल्या. पाच वेळा शिंकून पाहिलं, पाचही वेळा हिरो थांबला, बग बंद. वरचं गणित तेव्हा केलं असतं तर कळलं असतं की धोक्याचा आकडा फक्त १९२० वर गेला होता आणि एक शिंक २२०० ची. आता तो साधारण आठातून एकदा आरपार जात होता. आठातून एकदा होणारी गोष्ट पाच प्रयत्नांत एकदाही न दिसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. आम्ही नाणेफेक केली आणि तिला टेस्टिंग म्हटलं. भिंत जाड करणं वाईट नाही, आजही आमच्या भिंतींचा कोलिजनचा भाग चित्राच्या मागे खोलवर जातो. पण एवढ्यावर बग बंद झाला असं धरू नका.

दुसऱ्यांदा तक्रार अशा माणसाकडून आली ज्याच्याकडे तो सारखा होत होता, आणि आमच्या तिघांना क्वचितच दिसत होता. त्याचा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा, आमचे तिन्ही ६० चे. शिंकेचा कोड दर चित्रफ्रेमला चालणाऱ्या फंक्शनमध्ये होता आणि फ्रेमला लागलेल्या वेळाने, म्हणजे डेल्टाने, गुणायचं राहिलं होतं. शिंक एक दशांश सेकंद टिकते. ६० च्या पडद्यावर तेवढ्यात ६ फ्रेम होतात, १४४ च्या पडद्यावर १४. दर फ्रेमला तेवढाच धक्का, त्यामुळे त्याच्याकडे एकेक शिंक आमच्या सव्वादोन पटींहून जोरात बसत होती. मोठ्या स्टुडिओंच्या गेममध्येही हालचाल फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदातल्या फ्रेमच्या संख्येवर, अवलंबून राहिलीय. १९९९ च्या क्वेक थ्री अरीनामध्ये फ्रेमरेट नेमका १२५ वर बांधला की उडी थोडी उंच जायची, आणि स्पर्धेत खेळणारे तसा तो बांधून ठेवायचे.

यावरचा उपाय थेट आहे. वेग, धक्का, जागा यांना हात लावणारी प्रत्येक ओळ फिजिक्सच्या ठरलेल्या टिकला चालणाऱ्या फंक्शनमध्ये न्या. चित्रफ्रेमच्या फंक्शनमध्ये फक्त दिसण्याच्या गोष्टी ठेवा, म्हणजे भुवया, धूळ, शिंकेचे तुषार. आणि १४४ चा पडदा जवळ नसेल तर व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमरेट पडद्याच्या दराला बांधणारी सेटिंग, बंद करून फ्रेमरेट मोकळा सोडा, चूक तेवढ्यानेही उघडी पडते.

पण दोन शिंका एकत्र दिल्या तर वेग अजूनही ३२०० वर जात होताच. म्हणून तिसऱ्यांदा आम्ही वेगाला १८०० चं झाकण लावलं. १९२० च्या खाली, म्हणजे निर्धास्त. दोन महिने खरंच शांततेत गेले. मग आम्ही नवा खलनायक आणला, घाईसम्राट. त्याच्या प्रभावाखाली सगळं जग दुप्पट वेगाने धावतं. त्यासाठी इंजिनचा टाईम स्केल, म्हणजे गेममधल्या वेळेचा वेग, दोन केला आणि हिरो पुन्हा पोकळीत. टाईम स्केल वाढवला तरी सेकंदातले टिक वाढत नाहीत, प्रत्येक टिक जास्त वेळ व्यापतो. वेग १८०० चाच दिसतो, पण एका टिकची उडी ३० ऐवजी ६० पिक्सेलची होते. तुमच्या गेममध्ये वेळेशी खेळणारी कुठलीही शक्ती असेल तर टाईम स्केल बदलताना टिकही त्याच पटीत वाढवा, किंवा पुढचा उपाय करा.

झाकणाबद्दल माझं मत वेगळं सांगतो. ते लावल्यावर तिसरी शिंक पहिलीसारखीच वाटायला लागली. शिंकांवर शिंका रचत जाणं हाच आमच्या गेमचा जीव होता आणि बग टाळण्यासाठी आम्ही तो दाबून टाकला होता. वेगाला मर्यादा असावी, पण ती खेळाच्या गरजेने ठरावी.

टिकलेला उपाय

चौथ्यांदा आम्ही हिरोची हालचालच बदलली. आधी तो रिजिड बॉडी होता, म्हणजे त्याची हालचाल इंजिनचं फिजिक्स ठरवायचं. आता तो कॅरेक्टर बॉडी आहे, म्हणजे हालचाल आमचा कोड ठरवतो, आणि दर टिकला मूव्ह अँड कोलाईड वापरतो. हे फंक्शन हिरोचा पूर्ण आकार वाटेवरून पुढे सरकवत नेतं आणि पहिला स्पर्श जिथे होतो तिथे थांबवतं. भिंतीची बाजू कुठली, किती वाट चालायची राहिली, हेही सांगतं. उडी ३७ पिक्सेलची असो वा ३००, मधली वाट बघितली जाते.

याने आम्हाला बग सुटण्यापेक्षा मोठं काहीतरी मिळालं. हिरो भिंतीवर आदळून स्टिकरसारखा सपाट होतो आणि सावकाश सोलून खाली पडतो, हा विनोद आम्हाला पहिल्या दिवसापासून हवा होता. तो कधी जमतच नव्हता, सपाट हिरो भिंतीच्या आत तरी दिसायचा किंवा चार बोटं हवेत. स्पर्शाची नेमकी जागा मिळायला लागल्यावर तो एका दुपारी जमला.

दोन गोष्टी सांभाळा. मूव्ह अँड कोलाईडला त्या टिकपुरतं अंतर द्यायचं असतं, म्हणून वेगाला डेल्टाने गुणा. त्याचंच भावंड असलेलं, भिंतीला घासत पुढे सरकवणारं मूव्ह अँड स्लाइड मात्र वेग स्वतःच वेळेने गुणतं, तिथे तुम्ही पुन्हा गुणलंत तर हिरो साठाव्या हिश्शाने रांगेल. एकातून दुसऱ्यात जाताना ही चूक हमखास होते.

हिरोला रिजिड बॉडीच ठेवायचं असेल, म्हणजे तो गडगडला, उसळला पाहिजे, तर गोडॉटमध्ये त्या बॉडीचं कंटिन्युअस, म्हणजे मधली वाटही बघणारं, कोलिजन सुरू करा. त्यात किरण टाकून बघणारा प्रकार हलका आहे, पूर्ण आकार सरकवून बघणारा जड पण नेमका. युनिटी या दुसऱ्या इंजिनातही रिजिड बॉडीचं कोलिजन आपोआप डिस्क्रीटवर, म्हणजे फक्त उडीच्या शेवटी बघण्यावर, असतं, ते कंटिन्युअसवर न्या. तिथे फिजिक्सचं पाऊल मुळात ०.०२ सेकंदाचं, म्हणजे सेकंदाला ५० टिक, त्यामुळे उड्या आमच्याहून मोठ्या असतात. सेकंदातले टिक ६० चे १२० करणं हाही मार्ग आहे. धोक्याचा आकडा दुप्पट होतो, पण फिजिक्सचं कामही दुप्पट होतं आणि जुन्या फोनवर ते जाणवतं. मी तो शेवटी ठेवीन.

नाणी, दरवाजे, चेकपॉइंट यांच्यासाठी आपण जे एरिया, म्हणजे हिरो आत आला की कळवणारे अदृश्य भाग, ठेवतो ते मधली वाट बघत नाहीत. हिरो भिंतीला थांबायला लागला तरी दोन शिंकांवर तो लेव्हलच्या शेवटच्या दरवाज्यातून तसाच निघून जायचा आणि दरवाज्याला पत्ता नसायचा. असे एरिया तुमच्या सगळ्यात मोठ्या उडीपेक्षा रुंद करा, किंवा मागच्या टिकची जागा ते आताची जागा अशी रेघ टाकून तपासा.

तरीही परत आला तर

आमच्याकडे आलाच, आणि या वेळी कारण वेगात नव्हतं. मूव्ह अँड कोलाईड त्याच्यामार्फत झालेलीच हालचाल सांभाळतं. तुम्ही हिरोची जागा थेट बदललीत तर मध्ये भिंत आहे का हे विचारलंच जात नाही. कोडमध्ये जागा बदलणारी प्रत्येक ओळ शोधून काढा. आमच्याकडे सात निघाल्या. चार काढल्या, उरलेल्या तीन लेव्हल सुरू करतानाच्या, त्या बरोबर होत्या. बग तरीही होता.

तो कोडमध्ये नव्हता, ॲनिमेशनमध्ये होता. खलनायक माशी मारायच्या भल्यामोठ्या जाळीने हिरोला फटकावतो, त्या ॲनिमेशनच्या एका ट्रॅकवर हिरोची जागा ९० पिक्सेल मागे सरकवली होती. हिरो भिंतीला पाठ लावून उभा असला की फटक्यासरशी पलीकडे. कोडमध्ये शोधून हे कधीच सापडलं नसतं. आता ॲनिमेशन फक्त आतल्या चित्राला हलवतं, मूळ बॉडीला कधीच नाही. फटक्याने हिरो खरंच मागे जायला हवा असेल तर त्याला वेग दिला जातो.

त्याआधी, वेगामुळे होणारा बग शोधताना, एका सापळ्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या, तो तुमच्यासाठी सांगतो. नीट बघता यावं म्हणून आम्ही टाईम स्केल ०.१ केला. बग गायब. पूर्ववत केला की हजर. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टिक दहापट कमी वेळ व्यापतो, ३७ ची उडी चार पिक्सेलवर येते आणि बग घडतच नाही. बग हमखास घडवायचा असेल तर उलटं करा, टिक सेकंदाला १५ वर आणा. बघायचं असेल तर डीबग मेन्यूतून कोलिजनचे आकार दिसते करा आणि दर टिकला हिरोचा मध्य आणि वेग लिहून काढा. वरचे ७८० आणि ८१७ हे आकडे आम्हाला असेच मिळाले. ते दोन आकडे एकाखाली एक दिसले त्या क्षणी सगळं लक्षात आलं.

लेव्हलभोवती चौकट मानून हिरो तिच्याबाहेर गेला तर शेवटच्या सुरक्षित जागी परत आणायची सोय जरूर ठेवा. पोकळीत अडकलेल्या माणसाला सोडून देऊ नये. पण प्रत्येक वेळी नोंद झालीच पाहिजे: लेव्हल, आधीच्या टिकची जागा, वेग, पडद्याचा दर, टाईम स्केल. नोंद नसेल तर ही सोय बगला पांघरूण घालते. आणि या परत येण्यावर विनोद रचू नका. आमच्यातल्या एकाने सुचवला होता, चांगलाही होता, पण तो टाकल्यावर कोणी तक्रारच केली नसती.

परत आणताना पदराकडे, म्हणजे केपकडे, लक्ष द्या. आमचा केप व्हर्ले पद्धतीने चालतो, त्यात प्रत्येक बिंदूची आताची आणि मागची जागा ठेवलेली असते आणि त्या दोहोंतल्या फरकातूनच वेग निघतो. फक्त आताची जागा बदलली तर केपला वाटतं आपण एका टिकमध्ये हजारो पिक्सेल आलो, आणि तो पडदाभर फडफडतो. दोन्ही जागा एकदमच हलवा.

आता आमच्याकडे एक वेगळा सीन आहे. त्यात एक भिंत आणि एक हिरो, बाकी काही नाही. हिरोला तीन शिंकांच्या वेगाने हजार वेळा भिंतीवर सोडतो, दर वेळी सुरुवातीची जागा थोडी वेगळी, अर्धे प्रयत्न टाईम स्केल दोनवर. कितीदा पलीकडे गेला ते शेवटी छापलं जातं. तिथे शून्य आल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नाही. एक जरी आला तरी सुरुवातीची जागा नोंदीत असते, त्याच जागेवरून हिरो पुन्हा सोडायचा आणि दर टिकचे आकडे वाचायला बसायचं.